शरीराला आई कळत नाही

माझे आईवडील वीटभट्टीवर काम करायचे. दिवाळी उरकली की परभणीकडचं आमचं गाव सोडायचं, जिथं भट्टी लागेल तिथं कच्च्या विटांचीच खोपी रचायची आणि पावसाच्या आधी परत यायचं, असं आमचं वर्ष असायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, साच्यात गारा थापायचे. आई डोक्यावरून विटा वाहायची. मी सकाळी वाळायला घातलेल्या विटा उलथून द्यायचो आणि मग शाळेला जायचो. भट्टी बदलली की शाळा बदलायची. शाळा बदलली की पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून.

भट्टीवर डॉक्टर नव्हता. ताप आला की आई कडुलिंबावर चढलेली गुळवेल शोधून आणायची, दगडावर ठेचायची आणि चुलीवर तिचा काढा करायची. कडूजहर. नाक दाबून पाजायची. माझे सगळे ताप त्या काढ्यावर गेले. माझ्या पाठची बहीण मंगल मात्र वाचली नाही. एका भट्टीवरून दुसरीकडे जाताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या मध्ये, आईच्या मांडीवर गेली. तो सगळा रस्ता उघड्या माळाचा होता, वेल चढेल असं एक झाड नव्हतं. त्या मरणाला किती कारणं होती ते मला आता समजतं. आईला एकच माहीत होतं. "म्या उशीर केला. निघायच्या आधीच वेल शोधली असती तर लेकरू राहिलं असतं." कुणाचंही मूल आजारी असल्याचं कानावर आलं की ती हे बोलायची. म्हातारी झाली तरी बोलायची.

हे आधी सांगतोय, कारण पुढे आमच्या घरात जे झालं ते समजायला हे माहीत असावं लागतं. आई असती तर मी हे लिहिलं नसतं. पण ज्यांना या गोळ्या नव्यानं सुरू झाल्यात त्यांना कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. इथं माझ्या घरात घडलं तेवढंच आहे.

"कभी बीपी नपवाया?"

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुठंही अभिमानानं सांगतो, आणि ज्यांना त्यात मोठेपणा वाटत नाही त्यांनी एकदा भट्टीवर राहून बी.ए. करून बघावं. दिल्लीला आलो तो यूपीएससीसाठी. ते जमलं नाही. पण केंद्र सरकारची दुसरी परीक्षा पास झालो, एका मंत्रालयात लागलो, लग्न झालं, सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं. बायको वर्षा लातूरची, बी.एड. झालेली. मुलगी चिनू इथंच जन्मली, म्हणून तिचं मराठी निम्मं हिंदी. अण्णा वारल्यावर आईला मी दिल्लीला घेऊन आलो.

त्या वर्षी सकाळी उठलं की चेहरा सुजलेला असायचा. जेवणाचा वास नको वाटायचा. ऑफिसात सगळे म्हणायचे, यार, तू झोपत नाहीस, बस्स. मलाही तसंच वाटलं. शेवटी वर्षानं ओढून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, मग दुसरं मशीन मागवलं.

"कभी बीपी नपवाया?"

"नहीं सर. मुझे कभी कुछ हुआ ही नहीं."

तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या आकसलेल्या. कित्येक वर्षं बीपी वाढलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "अब दवाई से नहीं होगा." मी एवढंच विचारलं की उद्या ऑफिसला जाऊ का. आजार कळल्याच्या दिवशी माणूस काय विचारेल याचा नेम नसतो.  ऑटोत बसल्यावर वर्षा म्हणाली, "आईंना काय सांगायचं?" आमच्या घरात पुढची सगळी वर्षं हाच प्रश्न राहणार होता, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

डायलिसिसबद्दल फार लिहीत नाही. ज्यानं केलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही केलं त्याला सांगून कळत नाही. एवढंच सांगतो की पाणी मोजून प्यायचं असतं, आणि तहान काय असते ते मला तिथं कळलं. चिनू बाटलीनं पाणी प्यायला लागली की मी दुसऱ्या खोलीत जायचो.

जबरदस्ती

वर्षाचा रक्तगट जुळला नाही. आईचा जुळला. आईला मी नको म्हणालो. तिचं वय झालेलं, आयुष्यभर विटा वाहिलेलं अंग. ती माझ्याशी बोललीच नाही, सरळ वर्षाला म्हणाली, "डॉक्टरणीला इचार, कधी काढायची ते."

किडनी देणाऱ्याला एका कमिटीपुढे बसवतात. कुणी पैशासाठी किंवा दबावाखाली देत नाही ना, हे बघतात. व्हिडिओ काढतात. आईला हिंदी येईना, म्हणून वॉर्डातल्या एका नागपूरच्या सिस्टरला मध्ये बसवलं. मला बाहेर थांबवलं होतं. आत काय झालं ते सिस्टरनं नंतर सांगितलं.

"मावशी, ते विचारताहेत, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?"

"लेकराला द्यायला जबरदस्ती कशाला लागती, बाई?"

"तसं नाही, हो किंवा नाही म्हणा."

"त्याला शाळंत घालायला जबरदस्ती लागली व्हती. तवा लई मारलं म्या त्याला. ते लिहा म्हणावं."

कमिटीतले साहेब हसले म्हणे. सही करताना आईनं अंगठा पुढे केला, आणि सिस्टर म्हणाली की तो शाईला लावताना ती फार ताठ बसली होती.

ऑपरेशन दोघांचं एकाच दिवशी झालं. शुद्धीवर आल्यावर मी लघवीची पिशवी बघितली. भरत होती. ज्याला कित्येक महिने लघवी झालेली नाही त्यालाच तो पिवळा रंग काय असतो ते कळेल. आई दुसऱ्या वॉर्डात होती. वर्षा या वॉर्डातून त्या वॉर्डात पळत होती. आईनं तिच्याकडे पहिला निरोप दिला तो असा: "त्याला म्हणावं, जुनी हाय, पर कामाची हाय."

चौकीदार

नव्या किडनीबरोबर गोळ्या आल्या. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. नावं मी पाठ केली, जशी पूर्वी राज्यघटनेची कलमं केली होती. आमच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी डिस्चार्जच्या आधी आम्हा तिघांना बसवून समजावलं. त्या स्पष्ट बोलायच्या.

"देखिए, आप पढ़े-लिखे हैं, आपकी बॉडी पढ़ी-लिखी नहीं है. उसको नहीं पता कि ये माँ की किडनी है. उसके लिए कोई बाहर का घर में घुस आया है. वो उसे मारेगी. रोज़ मारने की कोशिश करेगी. ये गोलियाँ उसका हाथ पकड़ के रखती हैं. जिस दिन हाथ छूटा, उस दिन किडनी गई."

आणि दुसरी बाजूही त्यांनी तेव्हाच सांगितली. शरीराचा हात धरून ठेवला की तो खऱ्या शत्रूवरही उठत नाही. साध्या सर्दीचा न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून मास्क, उकळलेलं पाणी, बाहेरचं खाणं बंद, कच्ची कोशिंबीर बंद, गर्दी बंद. जन्मभर.

"काय म्हनल्या बाई?" आईनं विचारलं.

मी सांगितलं, "माझ्या अंगाला कळत नाही की हे तुझं आहे."

 आई म्हणाली, "तुला नऊ महिने पोटात ठेवलं तवा माझ्या अंगाला कळलं व्हतं. तुझ्याच अंगाला कसं कळंना?"

 

तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता, खिशात ठेवून जायचं असतं. आधी रक्त द्यायचं, मग गोळी. औषध रक्तात किती उरलंय ते बघून मात्रा ठरते. जास्त झालं तर बाधतं, कमी पडलं तर शरीर जागं होतं. रक्त द्यायला थांबायच्या बाकावर मला कळलं की या गोळ्या फक्त किडनीवाल्यांच्या नाहीत. एका माणसाच्या पोटात दुसऱ्याचं लिव्हर होतं. फरीदाबादची एक मुलगी होती, तिच्यात परकं काहीच नव्हतं, तिचं शरीर तिच्याच सांध्यांवर आणि कातडीवर उठलं होतं. म्हणजे कुणाचं शरीर पाहुण्याला मारत होतं आणि कुणाचं घरच्यांनाच. औषधाची जात एकच. बोटं वाकडी झालेली एक हरियाणवी आजी होती, ती आठवड्यातून एकदा तसलीच गोळी घ्यायची. ती म्हणाली, "बेटा, या गोली तो चौकीदार नै दारू प्या दे सै. इब चोर भी आज्या तो उठै कोनी." म्हणजे चौकीदारालाच दारू पाजली, आता चोर आला तरी तो उठत नाही. सगळा बाक हसला, नंतर मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या. एवढं नेमकं मला कुठल्या छापील पत्रकात मिळालं नाही.

मला काय काय झालं तेही सांगतो, कारण कुणी सांगत नाही. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. जुन्या ओळखपत्रावरून गेटवरचा शिपाई अडवायला लागला. हात थरथरायला लागले. माझं अक्षर चांगलं होतं, सेक्शनमधले लोक माझ्याकडून टिपणं लिहून घ्यायचे. ते गेलं. चहाचा कप दोन हातांनी धरायला लागलो. चिनू म्हणायची, "बाबा, तुम्ही वायब्रेट होता." तीही जवळ यायची नाही, कारण शाळेतून आली की आधी आंघोळ, मग बाबा, असा वर्षाचा नियम होता.

घरात वर्षाचे खूप नियम झाले. सारखी एकच गोष्ट बोलायची: "त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय, जवळ जाऊ नका. प्रतिकारशक्ती कमी आहे, ते देऊ नका." गावाकडचं लोणचं बंद, देवळातला प्रसाद बंद, आईनं हातानं कालवलेला भात बंद. आई ऐकून घ्यायची.

कडुलिंब

आईला दिल्लीत कुणी नव्हतं. भाषा नव्हती. आमच्या ब्लॉकच्या मागं एक जुना कडुलिंब होता. एक दिवस ती त्याच्याखाली उभी राहून वर बघत होती. झाडावर गुळवेल चढली होती, थेट शेंड्यापर्यंत, मनगटाएवढी जाड. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी तिथं कपडे वाळत घालत होत्या.

"गिलोय है माताजी, गिलोय," आंटी म्हणाल्या.

"गुळवेल हाय ही. गुळवेल," आई म्हणाली.

एवढ्यावर दोघींची मैत्री झाली. आई आपलं मराठी बोलायची, आंटी आपलं हिंदी, आणि दोघींचं सगळं व्यवस्थित चालायचं. मला वरून खिडकीतून दिसायचं. मला बरं वाटायचं, की चला, आईला कुणीतरी मिळालं.

ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं तेव्हा एका नेहमीच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. मला काहीच वाटत नव्हतं. दुखत नव्हतं, सूज नव्हती. मॅडमनी पुन्हा तपासलं, आणखी वाढलं होतं. दाखल करून घेतलं, सुईनं किडनीचा तुकडा काढून बघितला. रिजेक्शन. शरीराचा हात सुटला होता.

"गोली छूटी?"

"एक भी नहीं मॅडम."

"कुछ और ले रहे हैं? देसी, जड़ी-बूटी, काढ़ा?"

मी ताठ बसून सांगितलं, "नहीं मॅडम. हमारे घर में सब पढ़े-लिखे हैं."

शिरेतून स्टेरॉइडची सलाइनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी वर्षा कपडे आणायला घरी गेली. जिन्यात तिला मिश्रा आंटी भेटल्या. काळजीनं विचारपूस केली आणि म्हणाल्या, "अरे, मैं तो हैरान हूँ. माताजी तो रोज़ सुबह भैया को गिलोय पिलाती थीं, चाय में उबाल के. इम्यूनिटी के लिए इससे बढ़िया कुछ है ही नहीं."

सकाळचा आल्याचा चहा आई स्वतः करायची. तेवढं एक काम तिनं वर्षाकडून हट्टानं मागून घेतलं होतं. चहा कडवट लागायचा. मी समजायचो, गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय. वर्षाचे नियम तिला माहीत होते, म्हणून लपवून. आणि का पाजत होती? घरात दिवसातून दहा वेळा ऐकत होती की पोराची प्रतिकारशक्ती कमी झालीय. कमी झालीय तर वाढवायला नको? तिच्या जागी कुठलीही आई हेच करेल. हे कमीपण आम्ही पैसे मोजून, औषध घेऊन आणलंय, किडनी त्या कमीपणावरच जगतेय, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यासाठी तिच्या मराठीत शब्द नव्हता, आणि आमच्यापैकी कुणी तो शोधला नाही.

हॉस्पिटलचा पॅसेज

वर्षा परत आली ती रागात, आंटींचं सगळं तिनं मला सांगितलं. मी मॅडमना लगेच सांगितलं. त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी ते फाइलवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "इसी से हुआ, ये मैं छाती ठोक के नहीं कहूँगी. रिजेक्शन बिना किसी वजह के भी होता है. पर हम आपके चौकीदार को सुला रहे थे और घर में कोई उसे जगा रहा था. ये आज से बंद होना चाहिए. कैसे, ये आप देखिए."

पॅसेजमध्ये सलाइनचा स्टँड धरून मी उभा होतो. वर्षा म्हणाली, "आज जाऊन सांगते मी त्यांना."

"सांगू नको."

"अहो, किडनी चाललीय! त्यांचीच किडनी!"

"म्हणूनच सांगू नको."

मंगलबद्दल तिनं ऐकलं होतं, पण वरवर. मी तिला तो उघडा माळ सांगितला, ती ट्रॉली सांगितली. म्हणालो, "एक लेकरू आपल्यामुळे गेलं असं धरून ही बाई जगतीय. दुसऱ्याला स्वतःचा तुकडा काढून दिला तेव्हा कुठं तिचा जीव जरा खाली बसलाय. आता तिला सांगायचं की तो तुकडा तूच मारत होतीस? ती जेवण सोडेल वर्षा."

"मग रिजेक्शन कशानं झालं म्हणून सांगायचं?"

"गोळ्या चुकल्या म्हणून सांगू. माझ्याकडून."

वर्षा म्हणाली, "गोळ्या तुम्ही घेता का? मी काढून देते. रोज, हातात. हे त्यांना दिसतं. तुमचं नाव कुणी घेणार नाही."

मला ते सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, मग राहू दे, दुसरं काही शोधू. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "चहा कसा बंद करायचा ते बघा. बाकीचं मी बघते."

कुणी मेल्यानं तोडली

घरी आल्यावर मी आईसमोर जाहीर केलं, डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय, तिच्यावर चहा, दूध, काही चालत नाही, नुसतं उकळलेलं पाणी. त्या दिवसापासून मी चहा सोडला. आजही पीत नाही.

आईनं विचारलं, "पर असं झालं कसं? चांगली चालली व्हती की."

"गोळ्या चुकल्या आई. मधे मधे."

आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. वर्षाकडे पाहिलं. "गोळ्या तुझ्या हातात व्हत्या ना, बाई?"

"हो आई. चुकलं माझं."

"पोटातलं काढून दिलं म्या. तुला डबीतली गोळी काढून देता आली न्हाई?"

वर्षानं मान खाली घातली. मी तिथंच बसलो होतो. असल्या वेळी तोंड मिटून बसणं हे आजारापेक्षा जड असतं, एवढंच म्हणतो.

वेलीचं काय करायचं हा प्रश्न होताच. आई पुन्हा कशात तरी घालेल. एक दिवस आई आंटींबरोबर देवळात गेली असताना वर्षा कोयता घेऊन खाली गेली आणि वेल बुंध्यातून तोडून, वरची जेवढी ओढता आली तेवढी ओढून, कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. आई परतली तर झाड उघडं. तिनं सगळा ब्लॉक डोक्यावर घेतला. "कुणी मेल्यानं तोडली गं! हात झडतील त्याचे! औषधाचं झाड हाय ते, कळत न्हाई का?" कुणालाच मराठी कळत नव्हतं, पण शिव्या सगळ्यांना कळल्या. माळी लांबूनच हात जोडून सांगत होता, "हमने नहीं काटा अम्मा." वर्षा वर ओट्याशी कणीक मळत होती. हातावर वेलीनं उठवलेले ओरखडे होते, ते कणकेत झाकलेले. चिनू म्हणाली, "मम्मी, आजी किसको डाँट रही है?" वर्षा म्हणाली, "कोणाला नाही. तू अभ्यास कर."

किडनी वाचली. पूर्ण नाही. मॅडम म्हणाल्या, जो हिस्सा गया, वो गया. तेव्हापासून क्रिएटिनिन वरच्याच आकड्यावर थांबलंय.

मधली वर्षं

आई वर्षाशी वाईट वागायची नाही. तसं असतं तर सोपं झालं असतं. तिच्या हातचं जेवायची, तिनं आणलेलं लुगडं कौतुकानं नेसायची. फक्त गोळ्यांची वेळ झाली की उठून येऊन दारात उभी राहायची. वर्षा गोळी काढून माझ्या हातावर ठेवायची, मी गिळायचो, मग आई परत जायची. पाहुणे आले की सांगायची, "आमची सून चांगली हाय, पर इसरभोळी." वर्षाच्या माहेरच्यांसमोरही सांगितलं. तिच्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, ताईकडून एवढी मोठी चूक कशी झाली?" मी काय बोललो ते आता आठवत नाही.

एकदाच वर्षा फुटली. सरोजिनीच्या बाजारात चिनूचा स्वेटर घेत होतो. भर गर्दीच्या कडेला, मी मास्क लावून उभा. ती अचानक म्हणाली, "त्यांच्या लेखी तुम्हाला मरायला घातलेली बाई आहे मी. आणि मी त्यांना रोज गरम पोळी वाढते." मी म्हणालो, आज सांगून टाकू. ती स्वेटर उलटा करून शिवण बघत होती. "आता कशाला? एवढी वर्षं काढली ती काय फुकट घालवायची?" मग दुकानदाराशी भाव करायला लागली.

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना हे सांगायचंय. पेशंटचं सगळे विचारतात. गोळी काढून देणाऱ्या माणसाचं कुणी विचारत नाही.

वॉर्डाबाहेर

गेल्या हिवाळ्यात दिल्लीची हवा नेहमीसारखी झाली, समोरचा ब्लॉक दिसेना, आणि आईला खोकला लागला. खोकल्याचा न्यूमोनिया झाला. तिला दाखल केलं. मी मॅडमना फोन केला, वॉर्डात जाऊ का विचारायला.

"नहीं. उस वॉर्ड में सबको छाती का इन्फेक्शन है. डॉक्टर की तरह नहीं, हाथ जोड़कर कह रही हूँ, मत जाइए."

तिचा तुकडा माझ्यात जिवंत राहावा म्हणून मी ज्या गोळ्या घेत होतो, त्या गोळ्यांनीच मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. मी खाली, झाडाखालच्या बाकावर बसून असायचो. वर्षा आत. ती व्हिडिओ कॉल लावायची. आईला पडद्यात नक्की कुठं बघायचं ते कळायचं नाही, तिचा कान नाहीतर कपाळ दिसायचं.

"दत्ता का येईना?" आईनं माझं विचारलं.

वर्षा म्हणाली, "त्यांना चालत नाही आई. तुमची किडनी जपायचीय ना."

"मग नको येऊ म्हणावं," आई म्हणाली. "बिलकुल येऊ नको म्हणावं." 'बिलकुल' हा तिला दिल्लीत आल्यावर चिकटलेला शब्द.

शेवटच्या संध्याकाळी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिनं वर्षाचा हात धरला. मी फोनवर होतो, पडद्यावर नुसतं वॉर्डाचं छत दिसत होतं, पण आवाज येत होता.

"मी आता बघाया नसंन. त्याच्या गोळ्या सांभाळ. मागच्यावानी चुकू नको."

 वर्षाचा आवाज आला. "नाही चुकणार, आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

किडनी चालू आहे. मी ऑफिसला जातो, थरथरत्या हातानं का होईना सही करतो, चिनू आता कॉलेजला आहे. वर्षाला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं एकही ओळ काढायला सांगितली नाही. आपल्या हातून दुसऱ्याही लेकराचं नुकसान झालं, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. लेकाला किडनी दिली आणि तो जगला, एवढंच घेऊन ती गेली. हे वर्षानं केलं.